मोजून भरलेला ग्लास

नाशिकच्या लग्नघरात दारू होतीच, फक्त ती मांडवात नव्हती. ती पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीत असायची. हळदीच्या रात्री डीजे वाजतोय, बायका-मुलं नाचतायत आणि दर दहा मिनिटांनी चार-पाच पुरुष 'जरा आलोच' म्हणत लॉन्सच्या मागच्या अंधारात जातायत. तिथं प्लास्टिकचे पेले, पाण्याच्या बाटल्या, खारे शेंगदाणे. मोबाइलच्या उजेडात अंदाजानं ओतायचं आणि कुणी यायच्या आत उभ्यानंच संपवायचं. कुणी किती घेतली, कुणी उपाशीपोटी घेतली, घेतलेल्यांपैकी गाडी कोण चालवणार, याचा पत्ता कुणालाच नसायचा. आजही असंख्य कार्यांत असंच चालतं. मी खासगी समारंभांसाठी फिरता बार चालवतो. माझ्या मते या धंद्याचं मुख्य काम एकच आहे : ती दारू डिकीतून काढून उजेडात, टेबलावर, मोजमापात आणणं. बाटल्या हवेत उडवणं, ग्लासातून धूर काढणं हे नंतरचं, आणि नसलं तरी काही अडत नाही.

पहिला फोन बहुतेक एकाच प्रश्नानं सुरू होतो. 'माणशी काय घेता?' विचारणाऱ्याच्या मनात दारूसकट आकडा असतो, केटररच्या ताटाचा असतो तसा. तिथंच सगळं स्वच्छ सांगून टाकावं लागतं. आम्ही दारू विकत नाही, पुरवत नाही, आमच्या गाडीतून आणतही नाही. ती यजमानानं परवाना असलेल्या दुकानातून, स्वतःच्या नावाचं बिल घेऊन विकत घ्यायची. आमच्याकडून मिळतं ते बाकीचं सगळं : घडीचं काउंटर, ग्लास, बर्फ, सोडा, टॉनिक, ताजे रस, सरबतं, लिंबं, पुदिना, बर्फाचे टब, बारटेंडर, ग्लास उचलणारी आणि धुणारी पोरं, आणि रात्री मागे राहिलेला पसारा आवरून नेणं. पैसे घेतो ते या कामाचे. बाटलीवर एक रुपया जरी ठेवला तरी ती विनापरवाना विक्री होते. या धंद्यात टिकायचं असेल तर ही रेघ ओलांडायची नाही.

कायदा समजून घेतल्याशिवाय हा व्यवसाय करताच येत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. आधी तो मुंबई दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जायचा, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा. नावच सांगतं की या कायद्याच्या दृष्टीनं दारू मुळात बंद आहे आणि परवाना ही त्यातून दिलेली सूट आहे. म्हणून इथं पिणाऱ्याचाही परवाना लागतो : विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, आजन्म हजारात मिळत आलेला. लॉन्स, हॉल, रिसॉर्ट अशा जागी पाहुण्यांना दारू द्यायची असेल तर त्या समारंभापुरता तात्पुरता परवाना वेगळा. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून काढायचा असतो आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. वयाची अट आहेच : बिअर आणि वाइनसाठी २१, बाकीच्या मद्यासाठी २५. यजमानाला हे सांगितलं की तो आधी हसतो. 'अहो, घरचं कार्य आहे, कोण विचारतंय?' परवान्याची प्रत हातात पडल्याशिवाय आमची गाडी निघत नाही, हे ऐकलं की काही जण फोन ठेवतात. ठेवू देत. जे राहतात ते पुढच्या कार्यालाही बोलावतात.

दुसरा आग्रह स्वस्त मालाचा. नाशिकपासून सेलवास आणि दमण फार लांब नाहीत. पेठचा घाट उतरला की हद्द जवळच. तिकडची दारू स्वस्त, कारण तिकडचा कर कमी. जून २०२५ मध्ये राज्यानं इथं बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, आणि तेव्हापासून 'दमणचा माल आणू का?' हा प्रश्न जास्तच कानावर येतो. ती दारू महाराष्ट्राचा कर न भरता इथं आणणं हा गुन्हा आहे आणि रस्त्यात भरारी पथकं उभी असतात. त्याच्याही पुढची भीती वेगळी आहे. आडमार्गानं आलेल्या बाटलीत नेमकं काय भरलंय याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. दोनशे लोकांच्या हातात ग्लास द्यायचा असतो. तिथं 'असेल चांगलीच' असं म्हणून चालत नाही. देवळालीत तोफखान्याचं मोठं केंद्र असल्यामुळे आपल्याकडे फौजी कुटुंबंही खूप, आणि कॅन्टीनच्या बाटल्याही समारंभात येतात. त्या फक्त सेनादलातल्या लोकांसाठी असल्याचं बाटलीवरच छापलेलं असतं. त्या आम्ही काउंटरवर मांडत नाही. यजमान निवृत्त सुभेदार असले तर त्यांना हे सांगताना संकोच होतो, पण आजवर मला असं दिसलंय की फौजी माणसाला नियम पटकन पटतो.

मग येतो हिशेब. यजमान नेहमी जास्त दारू घेतो, कारण कमी पडली तर अब्रू जाईल असं त्याला वाटत असतं. समजा शंभर पाहुणे आहेत आणि त्यांपैकी साठ जण पिणारे. पहिल्या तासात माणशी दोन ग्लास, पुढच्या तीन तासांत तासाला एक, असा अंदाज धरला तर चार तासांत तीनशे ग्लास होतात. आपल्याकडे त्यातले निम्मे व्हिस्कीचे. दीडशे ग्लास, प्रत्येकी साठ मिली, म्हणजे नऊ लिटर. साडेसातशेच्या बारा बाटल्या. लोक जिला खंबा म्हणतात ती ही बाटली, आणि तिच्यात मोठे पेग साडेबाराच बसतात. पंधरा निघतात असं सांगणारा एकतर कमी भरतो, नाहीतर त्यानं कधी मोजलेलं नसतं. उरलेल्या दीडशेत पाऊणशे बिअरच्या छोट्या बाटल्या, तीस ग्लास वाइन, म्हणजे ग्लासाला दीडशे मिली धरून सहा बाटल्या, आणि पंचेचाळीस कॉकटेल, ज्यांना व्होडका, जिन आणि पांढरी रम मिळून चार बाटल्या पुरतात. हा कागद समोर ठेवला की वीस खंबे आणायला निघालेला माणूस बारावर थांबतो. त्याचे वाचलेले पैसे आमच्या फीपेक्षा जास्त भरतात, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळतं.

बर्फाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण खाण्या-पिण्यातून होणाऱ्या बऱ्याच त्रासाचं मूळ तिथं असतं आणि दोष मात्र दारूला किंवा पनीरला जातो. पाहुण्यामागे किलो-दीड किलो बर्फ लागतो. शंभर जणांच्या कार्याला दीडशे किलो. हा बर्फ दोन जातीचा. कारखान्यातून येणारी मोठी लादी बाटल्या गार करायला, टबात टाकायला. ती मासळी, दूध असला माल टिकवायला बनते आणि तिचं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. दुसरा खाण्याचा बर्फ : पिशवीबंद, पिण्याच्या पाण्याचा, मधे भोक असलेल्या नळकांड्यांचा किंवा चौकोनी. दोघांची गल्लत होऊ नये म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं झालं. नियम चांगला आहे. पण उसाच्या रसाच्या गाड्यापासून लग्नाच्या स्टॉलपर्यंत लादी फोडून थेट ग्लासात पडताना मी अनेकदा पाहिली आहे, आणि तिच्यात निळेपणाचा मागमूस नसतो. म्हणून आमच्याकडे दोन्ही बर्फांचे डबे वेगळ्या रंगाचे, चिमटे वेगळे, आणि लादी फोडणाऱ्या पोरानं ग्लासाच्या बाजूला यायचंच नाही.

बर्फ स्वच्छ असून भागत नाही, तो कोरडाही हवा. डब्याच्या तळाशी जाळी ठेवली की वितळलेलं पाणी खाली जातं आणि वरचे खडे कोरडे राहतात. ओल्या, चुरा झालेल्या बर्फावर ओतलेली व्हिस्की मे महिन्यातल्या नाशिकच्या हवेत चार-पाच मिनिटांत पाणचट होते. मग माणूस 'कडक भर' म्हणतो, बारवाला जास्त ओततो, आणि सगळं मोजमाप तिथंच सुटतं. मोठा, कोरडा खडा सावकाश वितळतो. त्याच साठ मिलीत माणूस वीस मिनिटं सुखानं बसतो. लोक कमी पितील की जास्त, हे बारटेंडरच्या हातात असतं ते असं.

संध्याकाळी सातचं कार्य असेल तर आम्ही चारला लॉन्सवर पोचतो. गंगापूर रोडला, छत्रपती संभाजीनगर रोडला लॉन्सची रांगच आहे. प्रत्येकाची वीज, पाणी, उताराची बाजू पाठ झाली आहे. पोचल्यावर मी काउंटर उघडायच्या आधी घरातल्या कर्त्या माणसाला एक विचारतो : थोरली मंडळी कुठं बसणार? आपल्या भागात घराघरात माळकरी आहेत. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे, पौष वारीला जाणारी माणसं याच पाहुण्यांत असतात. त्यांच्या नजरेसमोर, त्यांच्या ताटाच्या वाऱ्यावर बार येता कामा नये. तो मुलांच्या आइस्क्रीमच्या स्टॉलजवळ नको, स्टेजसमोर नको, आणि पार्किंगजवळ तर मुळीच नको. जेवणाच्या जवळ हवा आणि भरपूर उजेडात हवा. अंधार दिला की डिकीची सवय परत येते, आणि जेवण लांब ठेवलं की लोक उपाशी पितात.

बिनदारूचं काउंटर आम्ही पूर्ण वेगळं लावतो. शेकर वेगळे, मापं वेगळी, गाळणी वेगळी, धुण्याचं पाणी वेगळं. ग्लासाचा आकारसुद्धा वेगळा, म्हणजे गर्दीत हात चुकत नाही. कोकमाचं, पेरूचं, जांभळाचं सरबत नीट केलं तर तिथली रांग कधी कधी बारपेक्षा मोठी होते. जी बाई माळ घालते, जो माणूस सोमवार पाळतो, त्याला आपल्या ग्लासाबद्दल शंका येता कामा नये. ही काळजी आम्ही कधी बोलून दाखवत नाही, पण घरातल्या आजी ती बघतात आणि पुढच्या कार्याला बारवाला ठरवताना त्यांचं मत घेतलं जातं.

सात वाजले की पहिला तास अंगावर येतो. पिणाऱ्यांतले बहुतेक एकाच वेळी काउंटरवर. इथं शिकाऊ पोरगा घाबरतो आणि बाटली थेट ग्लासात उलटी करतो. आमच्याकडे एकच नियम : प्रत्येक पेग मापातून. तीस आणि साठ मिलीचं दुतोंडी स्टीलचं माप डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायचं, ग्लासाच्या तोंडाशी न्यायचं, काठोकाठ भरायचं आणि एका झटक्यात उलटं करायचं. पाहुण्याला माप दिसलं पाहिजे. सुरुवातीला काही जण रागावतात, 'घरच्या दारूला माप कसलं?' पण अर्ध्या तासात त्यांनाही सवय होते, आणि आपण तिसऱ्या ग्लासावर आहोत हे त्यांना स्वतःला कळू लागतं. अंदाजानं ओतलेल्या दारूत हे कधीच कळत नाही.

नाशिककर व्हिस्कीत पाणी आणि सोडा निम्मा-निम्मा घेतो. त्याला नावं ठेवणारे बारटेंडर मला आवडत नाहीत. साधी व्हिस्की-सोडा-पाणी शंभर वेळा एकसारखी भरणं हे अवघड काम आहे. ग्लास गार, सोडा फ्रीजमधून आत्ताच काढलेला, आधी बर्फ, मग दारू, मग पाणी, आणि सोडा सगळ्यात शेवटी कडेनं सोडायचा, म्हणजे बुडबुडे टिकतात. चमचा एकदाच खालून वर फिरवायचा. नीट केलेला असा ग्लास पिऊन एखादे काका मुकाट्यानं मान डोलावतात, तेव्हा कामाचं चीज होतं.

कॉकटेलमध्ये मात्र इथल्या मातीचा उपयोग न करणं हा करंटेपणा. द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते मार्च, आम्ही काळी द्राक्षं वापरतो. आठ-दहा मणी शेकरच्या तळाशी, लाकडी दांड्यानं फक्त सालं फुटतील इतकंच दाबायचं. जोर लावला की सालीचा तुरटपणा रसात उतरतो. हिरव्या मिरचीच्या दोन चकत्या, बिया काढून. साठ मिली जिन, वीस मिली लिंबाचा रस, पंधरा मिली साखरेचा पाक. शेकर बर्फानं भरायचा आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलवायचा. शेकरच्या बाहेर पांढरी वाफ धरली, धातूला बोट चिकटायला लागलं की झालं. या हलवण्यात बर्फाचं थोडं पाणी आत उतरतं, आणि ते उतरायलाच हवं, त्याशिवाय आंबट-गोड-तिखट एकजीव होत नाही. दोनदा गाळून ग्लासात घेतलं की जांभळट रंग येतो आणि मिरची शेवटी, घशात जाणवते. लिंबाचा रस त्याच दिवशी दुपारी काढलेला हवा. आदल्या दिवशीचा कडवट लागतो. हंगाम संपला की कळवण-सटाण्याकडची डाळिंबं येतात, थंडीत सुरगाण्याच्या बाजूची स्ट्रॉबेरी. परदेशी पाकाच्या महागड्या बाटल्या आम्ही हळूहळू बंदच केल्या.

वाइनचं वेगळं. इथल्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क उभं राहिलं, 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. गंगापूर धरणाच्या काठी शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची गर्दी असते. इतकं असूनही ज्या शेतकऱ्याच्या बागेतली द्राक्षं वाइनला जातात, त्याच्याच मुलीच्या लग्नात वाइनचा ग्लास अनोळखी पाहुण्यासारखा बाजूला उभा राहतो. म्हणून आम्ही ती सक्तीनं नाही, पण आवर्जून देतो. पांढरी शेनिन ब्लाँ आठ-दहा अंशांवर, चांगली गार. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यायची असं पुस्तकात असतं, पण ती खोली युरोपातली. आपल्याकडच्या एप्रिलच्या रात्री लाल वाइनही वीस मिनिटं बर्फात ठेवूनच द्यावी लागते. निम्मा ग्लास आधी, चव बघू द्यायची. मावशी-काकूंच्या टेबलावरून 'ही गोड आहे का हो?' असं विचारणं येतं तेव्हा खरं उत्तर द्यायचं. नसेल तर नाही म्हणायचं आणि द्राक्षं-संत्र्याच्या फोडी घातलेली सांग्रिया पुढे करायची.

आता नाही म्हणण्याबद्दल, कारण बारटेंडरची परीक्षा तिथंच. अठरा-वीसची पोरं घोळक्यानं येतात. त्यांतलं एखादं यजमानाचाच पुतण्या असतं. 'दादा, एकच बिअर.' त्याला ओळखपत्र मागितलं तर त्याचा अपमान होतो, न मागता दिली तर आमचा गुन्हा. आम्ही ओरडत नाही. त्याच्या हातात झकास मिरची-पेरू देतो आणि सांगतो, एकवीस पूर्ण झाले की पहिला ग्लास माझ्याकडून. दुसरे असतात दाजी. जावयाचा मान मोठा, त्यांना नाही म्हणायची घरात कुणाची टाप नसते. डोळे जड झालेत, तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलतायत, हात माझ्या खांद्यावर. इथं भांडून काहीच साधत नाही. उंच ग्लास, भरपूर बर्फ, तीस मिली, बाकी सोडा. सोबत पाण्याची बाटली आणि गरम कबाबची प्लेट. त्यानंतरही थांबत नसतील तर मी ठरलेल्या माणसाला खूण करतो. हा ठरलेला माणूस आम्ही बुकिंगच्या वेळीच नेमून घेतो : घरातला एक जण, जो त्या रात्री पिणार नाही आणि ज्याचा शब्द सगळे ऐकतात. बहुतेक वेळा मुलीचे मामा असतात. 'चला दाजी, फोटो राहिलाय,' एवढ्यानं काम होतं. असा माणूस द्यायला जे घर तयार नसतं, ते काम मी घेत नाही.

दारूनं घरं बसतात, हे या धंद्यातल्या माणसानं विसरू नये. याच राज्यात गावोगावच्या बायकांनी 'आडव्या बाटली'ला मत देऊन दुकानं बंद पाडली आहेत. त्या बायकांच्या मुली आज आमच्या समारंभांत पाहुण्या असतात. काहींच्या चेहऱ्यावर बारकडे बघताना जी आठी येते, ती मला बरोबर वाटते. त्या आठीला उत्तर एकच, की इथं कुणी झिंगून पडणार नाही.

आमच्या चमूत मुलीही आहेत. पूर्वी काही राज्यांत बाईला बारवर कामाला ठेवणंच कायद्यानं बंद होतं. पंजाबच्या उत्पादन शुल्क कायद्यातलं तसं कलम सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये, अनुज गर्ग खटल्यात रद्द केलं. त्याच्या कितीतरी आधी मुंबईत शतभी बसूंनी बारमागे उभं राहून नाव मिळवलं आणि पुढे बारटेंडिंगची शाळा काढली. मुलगी काउंटरवर असली की बायकांचा घोळका न लाजता येतो, आणि पुरुषांचा आवाजही खाली येतो, असा माझा अनुभव. या मुलींना कार्यानंतर घराच्या दारापर्यंत सोडायची जबाबदारी आमच्या गाडीची. ती रात्री कितीही वाजले तरी पाळायची.

हा धंदा बारमाही नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, डिसेंबरात परदेशातली मुलं घरी येतात, थर्टीफर्स्ट, मग उन्हाळ्यातली लग्नं. आषाढात गटारीपर्यंत धावपळ आणि श्रावण लागला की शुकशुकाट. श्रावण, गणपती, नवरात्र धरून फार कमी कामं. मार्गशीर्षातले गुरुवार सोडायचे. आषाढी-कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, शिवाय मतदान संपण्याआधीचे ४८ तास, हे कोरडे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेवर लाल करून ठेवायचे, कारण यजमान तारीख मुहूर्तावरून ठरवतो, ड्राय डेवरून नाही. रिकाम्या महिन्यांत पोरांना शिकवणं, ग्लासांची भरती, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांना, बारशांना फक्त सरबतांचं काउंटर लावणं. गेली काही वर्षं यावर बऱ्यापैकी पगार निघतात.

पैशाचं थोडक्यात. पन्नास पिणाऱ्यांमागे एक बारटेंडर आणि एक मदतनीस, माणशी अडीच-तीन ग्लास, वाहतूक, बर्फ, फळं, धुलाई, फुटतूट, हे मांडून मग त्यावर नफा. निम्मी रक्कम आगाऊ. घरात सुतक आलं आणि कार्य पुढे गेलं तर आणलेल्या नाशवंत मालाचे सोडून सगळे पैसे परत. तिथं करार दाखवायचा नाही. पोरांचा पगार त्याच रात्री हातात, टिप एकत्र करून सारखी वाटायची, आणि कामावर असताना कुणी थेंबही घ्यायचा नाही. घेतला तर तो दुसऱ्या दिवसापासून आमच्यात नाही.

रात्री बार बंद झाला की शेवटचं काम रिकाम्या बाटल्यांचं. बिलाशी ताळा जुळवून भरलेल्या, अर्ध्या, रिकाम्या अशा तीन रांगा टेबलावर लावतो आणि यजमानाची सही घेतो. न उघडलेल्या बाटल्या त्याच्या ताब्यात. महागड्या ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांना भंगारात भाव मिळतो, कारण त्यांत भेसळीची दारू भरून पुन्हा विकणाऱ्या टोळ्या आहेत. म्हणून लेबल फाडून, बूच मोडूनच त्या भंगारात जातात. यजमान थकलेला असतो, 'राहू द्या हो, उद्या बघू' म्हणतो. पण हा हिशेब त्याच रात्री, त्याच्या समोरच व्हायला हवा. आमची बहुतेक कामं एकाच्या शब्दावरून दुसऱ्याकडे गेलेली आहेत, आणि लोक एकमेकांना सांगतात ते कॉकटेलबद्दल कमी, या तीन रांगांबद्दल जास्त.

तुमच्या घरी कार्य ठरत असेल आणि पाहुण्यांना प्यायला द्यायचं असेल, तर पत्रिका छापायला टाकता त्याच आठवड्यात परवान्याचा अर्ज करा. दारू बिलावर घ्या आणि कमी घ्या. जेवण बारच्या तासभर नंतर नको, बारबरोबरच सुरू करा. आणि परत जाणाऱ्यांसाठी तीन-चार चालक आधीच सांगून ठेवा. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि रात्री उशिरा मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रक भरधाव असतात. चालकांचा खर्च एका खंब्याच्या आसपास येतो. तेवढा खंबा कमी आणा.